जुन्या तावदानाची वाटी कशी करावी

नागपूरच्या महाल भागात एखादा जुना वाडा पाडायला काढला की कुणी ना कुणी मला फोन करतं. सागवान न्यायला व्यापारी आधीच येऊन उभे असतात. दारं, चौकटी, कडीपाटाच्या तुळया ट्रकात चढतात. तावदानांना मात्र कुणी विचारत नाही, मजूर घणाच्या एका फटक्यात ती फोडून मोकळे होतात. त्याआधी मी पोचते. गेली बावीस वर्षं मी नागपुरात काचेचं काम करते आहे आणि माझ्या भट्टीतून निघालेल्या निम्म्याअधिक वाट्या अशाच तावदानांच्या आहेत. अशी वाटी कशी करायची ते इथे सांगते. एक छोटी विजेची भट्टी आणि दोन दिवसांचा धीर, एवढं तुमच्याकडे हवं.

आधी काच ओळखायला शिका. तावदान डोळ्यांसमोर धरून हळूहळू हलवा. पलीकडचं झाड पाण्यात दिसावं तसं डुललं तर काच जुनी. लोक सांगतात, शंभर वर्षांत काच खाली ओघळते म्हणून ती अशी दिसते. हे खरं नाही. खिडकीतली काच ओघळत नाही. पूर्वी काच फुगवून उलगडत किंवा यंत्राने वर खेचत, त्यामुळे तिची जाडी जन्मापासूनच कमीजास्त असे. आजची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. अशा काचेच्या एका बाजूला कथलाचा अंश राहतो आणि ती बाजू भट्टीत वर आली तर वाटीच्या आत दुधाळ धुरकटपणा येतो. म्हणून नवी काच वापरणार असाल तर कथलाची बाजू खाली ठेवा. अंधारात शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की ती बाजू फिकट दुधाळ चमकते. जुन्या तावदानाला ही भानगडच नाही. मला ते आवडतं त्याचं हेही एक कारण आहे.

काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का दिसला तर ती टफन, म्हणजे मुद्दाम तापवून कडक केलेली, असू शकते, बाजूला ठेवा. टफन काच कापता येत नाही, चरा मारून तोडायला गेलं की तिचा चुरा होतो.

आता कापणं. माझ्या बाबांचं इतवारीत फोटोफ्रेमचं दुकान होतं. मी दहावीच्या सुट्टीत तिथे बसायची. पहिल्या दिवशी मी हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, दाबून दाबून तीनतीनदा ओढली आणि काच भलतीकडेच तुटली. बाबा गिऱ्हाईक सोडून आले. म्हणाले, "काय करून राहिली बाप्पा? एकदाच ओढ. आवाज ऐक तिचा." चांगल्या चऱ्याचा आवाज बारीक आणि सलग असतो, नवं सुती कापड टरकन फाडावं तसा. चरा पांढरा, भुरभुरीत दिसला तर हात जड पडला समजा. एकदा पडलेल्या चऱ्यावरून पुन्हा कधीही हिरकणी फिरवू नका, तिची धारही जाते आणि काचही वाया जाते. नवशिक्याने चाकाचा कटर घेतला तरी चालेल, चाक रॉकेलमध्ये बुडवून घ्यायचं. काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता जायचं आणि लगेच तोडायचं.

गोल कापताना आधी पूर्ण वर्तुळ ओढा, मग वर्तुळापासून बाहेरच्या कडांकडे पाचसहा तिरके चरे मारा. काच उलटी करून वर्तुळावर अंगठ्याने हलकेच दाबत जा. फट पुढे सरकताना दिसते. ती पूर्ण फिरली की बाहेरचे तुकडे एकेक करून निघतात. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, आणि जमीन झाडूने नाही तर ओल्या फडक्याने पुसायची. कड २२० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावूनच घासा. काचेची कोरडी पूड छातीत जाता कामा नये.

साच्यासाठी मी कुंभाराकडून कुंडीखाली ठेवतात ती मातीची खोलगट ताटली आणते. रंग किंवा चकाकी नसलेली, साधी भाजलेली. तळाला ३ मिलीमीटरचं भोक पाडते, नाहीतर काच खाली बसताना हवा अडकून मधे फुगवटा येतो. काच साच्याला चिकटू नये म्हणून चिनी माती आणि अॅल्युमिना हायड्रेटची पांढरी पूड निम्मं निम्मं घेऊन ताकासारखं पातळ कालवते आणि मऊ ब्रशने चारपाच हात देते. ही पूड कालवताना तोंडाला मास्क हवाच. लेप वाळला की रिकामा साचा एकदा भट्टीत २५० अंशांपर्यंत तापवून सगळी ओल घालवते. काच साच्याच्या आत बसवायची, उपड्या साच्यावरून ओघळू द्यायची नाही. थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसते. आत असली तर साच्यापासून सुटते, वरून असली तर साच्याला आवळते आणि तडकते.

आता भट्टी. माझी ३ किलोवॅटची आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर भट्टीची ताकद पाऊणच राहते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर ताशी १५० अंश मागत असतो आणि तापणारी तार तेवढं देऊ शकत नाही. म्हणून मी रात्री दहानंतरच भट्टी लावते.

४ मिलीमीटरच्या, वीतभर रुंद काचेसाठी माझा हिशेब असा: ताशी १५० अंशांनी ५४० पर्यंत, मग ताशी २०० ने ७१० पर्यंत. दहाला सुरू केली की सव्वादोनच्या सुमाराला ७१० येतं. त्या वेळी मी जागी असते, कंट्रोलरवर सोडून झोपत नाही. काळा संरक्षक चष्मा लावून छोट्या भोकातून बघते. आधी कडेवरची सरळ रेघ कमानीसारखी वाकते, मग काच मधून सैल पडते आणि एका क्षणी साच्याला टेकते. लाल उजेडात ते बघणं मला आजही पहिल्या दिवसासारखं वाटतं. तुमच्या भट्टीत हे ६९० ला होईल किंवा ७२० ला. प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा, तेव्हा आकडा वहीत लिहून ठेवा. टेकल्यावर दहा मिनिटं पुरेत, जास्त ठेवली तर साच्याचा खरखरीतपणा काचेवर उठतो.

आकार झाला म्हणजे वाटी झाली असं नाही, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. ३० सेंटीमीटरच्या काचेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १०० अंशांनी गरम असेल तर दोन्हींच्या लांबीत पाव मिलीमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. काच रबर नाही, हा फरक ती ताण म्हणून पोटात धरून ठेवते आणि कधीतरी बाहेर काढते. म्हणून ५५० ला ४० मिनिटं थांबायचं, म्हणजे सगळी काच एकसारखी होते. मग ताशी ६० ने ४५० पर्यंत, ताशी १०० ने ३०० पर्यंत, आणि मग बंद. झाकण ६० अंशांच्या खाली आल्यावरच उघडायचं. मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, तेव्हा त्याला दुसरा दिवस मावळतो. मधे लाइट गेली तरी झाकण उघडू नका. चांगली भट्टी आपली ऊब धरून ठेवते, आणि ताण राहिलाच तर तीच वाटी पुन्हा ५५० पर्यंत हळू नेऊन परत निववता येते.

एक चूक मात्र अशी दुरुस्त होत नाही. सुरुवातीला मी तावदानाच्या काचेवर हिरव्या बाटलीचे तुकडे ठेवून ८२० अंशांना एकजीव केले होते. ताटली सुंदर निघाली. आईने ती शोकेसमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी घरात कुणी हात न लावता ती टणकन दुभंगली, बरोबर हिरव्या तुकड्यांच्या कडेने. दोन काचा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि कितीही हळू निववलं तरी ते भांडण मिटत नाही. तेव्हापासून एका भाजणीत जोडायचे तुकडे मी एकाच तावदानातून घेते आणि प्रत्येक तावदानाच्या तुकड्यांचा वेगळा डबा ठेवते, डब्यावर वाड्याची गल्ली लिहून.

ताण आहे की नाही हे घरीच बघता येतं. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तो पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मग गॉगल आणि पडदा यांच्या मधे वाटी धरा. सगळीकडे सारखा काळोख दिसला तर उत्तम. कुठे पांढुरके पट्टे उजळले तर तिथे ताण आहे. ही तपासणी न करता मी एकही वाटी कुणाला देत नाही.

वाटी धुवून घ्या, तळाला चिकटलेला लेप ओल्या ब्रशने निघतो. सुपारी, वेलची, देवाची फुलं ठेवायला ती छान. उकळता चहा किंवा आमटी त्यात ओतू नका. पहिली वाटी मी ज्यांचा वाडा होता त्यांच्या घरी नेऊन देते. गेल्या वर्षी एका आजींनी ती उजेडासमोर धरून फिरवली आणि म्हणाल्या, "हो, अशीच दिसे गल्ली आमच्या माडीवरून." तळाला मी गल्लीचं नाव आणि साल कोरते, बाबांच्याच हिरकणीने. कोरताना वाटीखाली ओला टॉवेल घ्या, नाहीतर ती हाताखालून निसटते.