सीईटीसाठी पोर्शनबाहेर किती जायचं? या चुका टाळा

बारावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून सीईटीबद्दल, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांसाठीच्या राज्याच्या परीक्षेबद्दल, एकच प्रश्न येतो: "सर, सीईटीला पोर्शनच्या बाहेरचं किती करू?" विचारणाऱ्याच्या बॅगेत जेईईचं, म्हणजे देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचं, जाडजूड मॉड्यूल (क्लासचं पुस्तक) असतं. बालभारतीची पुस्तकं? ती घरी, माळ्यावर.

पहिली चूक इथेच होते. भौतिक, रसायन आणि गणिताची काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची असेल, असं सीईटीच्या माहितीत म्हटलेलं असतं. मुलं त्याचा अर्थ 'जेईईचा पोर्शन' असा घेतात. पातळी तिथली असली तरी पोर्शन राज्य मंडळाचाच आहे: साधारण 80 टक्के बारावी आणि 20 टक्के अकरावीची, सीईटीच्या यादीत दिलेली निवडक प्रकरणं. आता गंमत बघा. बारावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिक. जेईई मेनमधून ते 2024 पासून गेलं. लिनिअर प्रोग्रॅमिंग तिथे नाहीच. सीईटीला मात्र दोन्ही आहेत आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आहेत. म्हणजे मॉड्यूलवाला विद्यार्थी बाहेरचं करण्याच्या नादात आतलंच, तेही सोपं, सोडून येतो.

दुसरी चूक याच्या उलट, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी. 'यादीत नाही ना? मग हात लावायचा नाही.' अकरावी गणिताची सीईटीची यादी कंटिन्युइटीपाशी थांबते. त्यापुढचं डिफरन्सिएशनचं प्रकरण तिच्यात नसतं. पण बारावीचं डिफरन्सिएशन थेट संयुक्त फलांपासून सुरू होतं. मूळ सूत्रं, गुणाकाराचा नि भागाकाराचा नियम तुम्हाला येतात हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. ते कच्चं असेल तर पुढे इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, सगळी माळ सुटते. डिटरमिनंटचंही तसंच: यादीत नाही, आणि त्याशिवाय बारावीच्या मॅट्रिसेसमध्ये अ‍ॅडजॉइंट पद्धतीने इन्व्हर्स काढता येत नाही. यादीत ट्रिगोनोमेट्री-2 आहे, पण पहिला भाग न येता दुसरा येईल कसा? रसायनात आयॉनिक इक्विलिब्रिया बारावीत आहे, त्याच्या खालचा केमिकल इक्विलिब्रियम अकरावीत, यादीबाहेर.

म्हणून मी मुलांना सांगतो, 'बाहेरचं' दोन प्रकारचं असतं. एक पोर्शनच्या खालचं, दुसरं वरचं. खालचं करावंच लागतं, पण अख्खं प्रकरण नाही. सूत्रं एका कागदावर लिहा, प्रत्येक नियमाची पाच-सहा उदाहरणं सोडवा. एका संध्याकाळचं काम आहे. वरच्याला हात लावायचा की नाही, हे मनाला विचारून ठरवू नका, मॉक टेस्टला विचारा. तीन पूर्ण पेपर वेळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर टाका: 'न' म्हणजे संकल्पनाच नवी होती, 'व' म्हणजे येत होतं पण वेळ पुरला नाही, 'घ' म्हणजे घाई किंवा आकडेमोड. 'न' टाकलेले प्रश्न पुस्तकात शोधा. बहुतेक वेळा ते पुस्तकातच असतात, कधी धड्यातल्या सोडवलेल्या उदाहरणात, तर कधी आपण वगळलेल्या चौकटीत. खरोखर पुस्तकाबाहेरचे उरतील तेवढेच मॉड्यूलमधून करा.

'व' भरपूर निघाले, तर जेईईची गणितं वाढवून उपयोग नाही. भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद. गणिताचे 50 प्रश्न तेवढ्याच वेळात, म्हणजे प्रत्येकी 1 मिनिट 48 सेकंद. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना तीन तास मिळतात. सहा मिनिटं झुंजून सुटलेलं भौतिकातलं गणित आनंद देतं, कबूल. पण इथे तेवढ्यात भौतिक-रसायनाचे सहा प्रश्न निघून जातात.

बायोवाल्यांचं थोडक्यात: नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी एनसीईआरटीची पुस्तकं पाठ असतील तर उत्तम, पण सीईटीआधी राज्य मंडळाचं पुस्तक एकदा तरी शब्दन् शब्द वाचा.

एक दुरुस्ती शेवटच्या आठवड्यासाठी. 'सकाळच्या शिफ्टला बाहेरचं आलं म्हणे' असा मेसेज फिरतोच. त्यावरून नवं प्रकरण उघडू नका. शिफ्टनुसार पेपर वेगळा असतो आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे त्याच शिफ्टमधल्या इतरांच्या तुलनेत, लागतो. अवघड पेपर त्या शिफ्टच्या सगळ्यांनाच अवघड जातो.

आणि जेईईची एक सवय घरी ठेवून या: प्रश्न कोरा सोडण्याची. तिथे चुकलं तर गुण कापतात, सीईटीत नाही. पहिली 90 मिनिटं संपली की भौतिक-रसायनाचा भाग बंद होऊन गणित उघडतं, मागे जाता येत नाही. तेव्हा राहिलेल्या प्रश्नांवर काहीतरी क्लिक करायला दोन्ही भागांच्या शेवटी दोन-दोन मिनिटं वेगळी काढा.