हॅलोजनच्या झोतावर ड्रोनची मोटर

जमिनीवरून पाठवलेल्या ऊर्जेवर विल्यम ब्राउन यांनी 1964 मध्ये सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) छोटं हेलिकॉप्टर तरंगतं ठेवलं. नासाने 2003 मध्ये 312 ग्रॅमचं विमान बंद इमारतीत लेसरवर उडवलं. हाच प्रयोग इंदूरच्या शाळेतल्या प्रदर्शनात करायचा असेल तर मात्र लेसर आणूच नका, परावर्तित किरणानेही डोळा जाऊ शकतो. लेसरचं काम इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रासारख्या प्रयोगशाळांचं. मायक्रोवेव्ह ओव्हनही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरू शकतो.

त्याऐवजी दिव्याच्या उजेडावर ड्रोनची मोटर फिरवा आणि तिचा जोर मोजा. त्यासाठी 500 वॅटचा हॅलोजन दिवा, 52×39 मिमीचे सहा सोलर सेल, छोट्या ड्रोनमधली 716 कोअरलेस मोटर (7 मिमी जाड, 16 मिमी लांब), 55 मिमीचा पंखा आणि 0.1 ग्रॅमचा वजनकाटा एवढं पुरतं. सेल एका ओळीत सिरीजमध्ये जोडा: प्रत्येकी अर्धा व्होल्ट, म्हणजे भाराखाली साधारण 3 व्होल्ट. सेल पापडासारखे मोडतात, तेव्हा सेल जोडणारी धातूची टॅबिंग पट्टी सोल्डर करताना दाब देऊ नका. हॅलोजनची नळी आडवीच ठेवा, काचेला बोट लावू नका. सेल समोर 30 सेंमीवर उभे करा. एकाच सेलवर सावली पडली तरी सगळ्या ओळीचा करंट घसरतो.

मोटर थेट जोडली तर बहुधा फिरणारच नाही. सुरू होताना ती इतका करंट ओढते की सेलचा व्होल्टेज कोसळतो. म्हणून 2.7 व्होल्ट, 10 फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर (भरपूर विद्युतभार साठवणारे कपॅसिटर) एकमेकांशी सिरीजमध्ये जोडून सेलच्या ओळीला समांतर लावा आणि मोटरला स्विच द्या. अर्ध्या अँपियरने 3 व्होल्ट भरायला अर्धा मिनिट लागतं. 5.5 व्होल्टचे नाण्यासारखे सुपरकपॅसिटर घेऊ नका, त्यांचा अंतर्गत रोध फार असतो.

मोटर काट्यावर 10 सेंमी उंच उभी करा, हवा वर फेकली जाईल अशी. काटा वाढेल तेवढा ग्रॅम जोर. वायर बारीक आणि सैल ठेवा, नाहीतर तीच काटा ओढते. सुरुवातीचा आकडा टिपू नका, तो कपॅसिटरचा असतो. व्होल्टेज स्थिरावल्यावर जो आकडा उरतो, तोच झोताचा. तोही हळूहळू उतरत असेल, तर सेल तापलेत: दर अंशाला सुमारे 0.4 टक्के शक्ती जाते, आणि इंदूरच्या मे महिन्यात हे लवकर दिसतं. टेबलफॅन सेलच्या पाठीवर सोडा, वाऱ्याचा झोत काट्यावर नको.

आता सेल, मोटर, कपॅसिटर तोला. जोर वजनाहून कमी भरला तरी निराश होऊ नका. हेलिकॉप्टरला सगळं वजन पंख्यानेच पेलावं लागतं. चांगल्या पंखांच्या विमानाला वजनाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा जोर पुरतो. पुढचं मॉडेल थर्माकोलच्या पंखांचं करा.