मान दुखतेय? श्वास कुठून घेता ते बघा

मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू वरच्या दोन बरगड्यांना जोडलेले असतात. छातीच्या वरच्या भागातूनच श्वास घ्यायची सवय लागली की दर श्वासाला त्या बरगड्या उचलायचं काम त्यांच्यावर पडतं. मिनिटाला 12 ते 20 वेळा, दिवसभर. मग नुसती मान शेकून किती फरक पडणार?

उताणे झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली पातळ उशी घ्या. एक हात पोटावर, बरगड्यांच्या लगेच खाली. दुसऱ्या हाताची बोटं कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात अलगद ठेवा. नाकाने 3 सेकंद श्वास घ्या, ओठांचा चंबू करून 5-6 सेकंद सोडा. बोटांखाली दोरीसारखं काही ताठरलं, तर श्वास गरजेपेक्षा मोठा आहे; निम्माच घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: ‘खोल’ म्हटलं की खांदे वर जातात, नाहीतर पोट मुद्दाम ढकललं जातं. पोट आपसूक वर यावं, खालच्या बरगड्या बाजूंना पसराव्यात. गरगरलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या.

5 मिनिटं, दिवसातून दोनदा. जमलं की खुर्चीत बसून करा. हातात बधिरपणा किंवा कमजोरी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.