लहान व्यवसायासाठी प्रवासी सवलतींचे महागडे क्रेडिट कार्ड कसे निवडावे

जालन्याचा बियाणे-व्यापारी असो, लातूरचा डाळ मिलवाला असो की वाळूजचा सुटे भाग बनवणारा उद्योजक, प्रवासी सवलतींचे प्रीमियम कार्ड घेण्याआधी त्याने गेल्या वर्षाचे खर्चाचे खाते समोर ठेवावे. आपल्याकडचा बराचसा व्यावसायिक प्रवास रेल्वेने, ट्रॅव्हल्सने किंवा समृद्धी महामार्गावरून स्वतःच्या गाडीने होतो. डिझेल, भाडे आणि कर भरणा यांवर अनेक कार्डे पॉइंट, म्हणजे खर्चाच्या बदल्यात मिळणारे आणि पुढे वटवता येणारे गुण, देतच नाहीत, आणि आडतीवरच्या मालाचे पैसे तर थेट बँकेतूनच जातात. त्यामुळे उलाढाल दोन कोटींची असली तरी पॉइंट मिळवून देणारा खर्च दहा लाखच निघू शकतो, आणि हिशेब त्याच आकड्यावर करावा लागतो.

तो हिशेब असा. वार्षिक शुल्क 10,000 रुपये असेल, तर 18 टक्के जीएसटी धरून 11,800 रुपये होतात. शंभर रुपयांना दोन पॉइंट धरल्यास दहा लाखांवर 20,000 पॉइंट जमतात. एका पॉइंटची किंमत एक रुपया मिळाली तर हाती 8,200 रुपये उरतात. पन्नास पैसेच मिळाली तर उलट 1,800 रुपयांचा तोटा होतो. बिनशुल्काचे एक टक्का कॅशबॅक देणारे साधे कार्ड तेवढ्याच खर्चावर 10,000 रुपये देते, म्हणजे पॉइंटला पूर्ण रुपया मिळूनही महागडे कार्ड मागेच पडते. म्हणून पॉइंट किती मिळतात यापेक्षा ते कशासाठी आणि किती रुपयांना वटतात, हे बँकेकडून लेखी घ्यावे. पॉइंट एखाद्या विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या गुणांमध्ये, बदलता येत असतील, तर त्या कंपनीचे विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून किंवा नांदेडहून आपल्याला हव्या त्या शहराला जाते का, हेही पाहावे. विमानतळावरच्या लाउंजची (आरामकक्षाची) सोयही आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीतील खर्चाच्या अटीवरच मिळते.

परदेशी प्रदर्शनांना जाणाऱ्या किंवा परदेशी पुरवठादाराला कार्डाने पैसे देणाऱ्या उद्योजकाचे गणित मात्र वेगळे आहे. साध्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साधारण 3.5 टक्के असतो, तर अनेक प्रीमियम कार्डांवर तो 2 टक्के किंवा त्याहून कमी असतो. जीएसटी धरून तीन लाखांच्या खर्चावर हा फरक 5,310 रुपयांचा होतो, आणि माझ्या मते महागडे शुल्क भरण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे.

यापुढचा मुद्दा वसुलीचा. आपला बाजार हंगामावर चालतो. पाऊस लांबला की उधारी लांबते, पण कार्डाच्या बिलाची तारीख पुढे सरकत नाही. दरमहा 3.75 टक्के दराने दोन लाखांच्या थकबाकीवर महिन्याला 7,500 रुपये व्याज आणि त्यावर 1,350 रुपये जीएसटी लागतो, म्हणजे वर्षभराचा फायदा एका महिन्यात संपतो. शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ज्याला दरमहा संपूर्ण बिल भरण्याची खात्री नाही, त्याने पॉइंट किंवा कॅशबॅक देणारे कोणतेच रिवॉर्ड कार्ड घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कार्ड कोणाच्या नावावर निघते, याकडेही लक्ष द्यावे. एकल मालकीच्या व्यवसायात थकबाकीची जबाबदारी अखेर मालकाचीच असते आणि हप्ता चुकला की त्याचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरतो. घरखर्च त्या कार्डावर टाकू नये. तिकीट काढताना व्यवसायाचा जीएसटी क्रमांक नोंदवावा, कारण इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करण्यासाठी, कर बीजक लागते, कार्डाचे स्टेटमेंट चालत नाही. फिरतीवरच्या माणसाला अॅड-ऑन (आपल्याच खात्यावरचे जोड) कार्ड द्यायचे असल्यास त्याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी.

दुसऱ्या वर्षाचे शुल्क लागण्याच्या महिनाभर आधी हाच हिशेब पुन्हा मांडावा. कार्ड परवडत नसेल तर थकबाकी चुकती करून ते बंद करण्याचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे असते, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.