पक्षनेत्याला प्रश्न विचारायचा तर पूरक प्रश्नाची तयारी आधी करा

सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पक्षाचा प्रमुख मतदारांसमोर बसायला तयार झाला, की आयोजकांची सगळी धावपळ सभागृह, खुर्च्या आणि नेत्याच्या वेळापत्रकाभोवती फिरू लागते. प्रश्नांचं काय, तर "लोक विचारतीलच" असं धरून चालतात. लोक विचारतातही. नेता बोलतो, टाळ्या होतात, आणि तासाभराने बाहेर पडणाऱ्या माणसाला नेत्याने नक्की काय कबूल केलं ते सांगता येत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिलं उत्तर झालं की माईक दुसऱ्याकडे जातो.

लोकसभेच्या कामकाजात ही अडचण ओळखून व्यवस्था केलेली आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर पूरक प्रश्न, म्हणजे त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न, विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, पूरक नाही. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न 20 च घेतले जातात, आणि त्या यादीचं मोल पूरक प्रश्नामुळे आहे. मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी आधीच तयार करून दिलेलं असतं, पूरकाला मात्र मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं. मतदारांच्या कार्यक्रमालाही हाच नियम लावा. प्रश्न ठरवताना पूरक आधी लिहा आणि मग त्याच्याकडे नेणारा पहिला प्रश्न बांधा.

नेत्याला विचारण्याजोगं काय आहे

पक्षप्रमुखाला गल्लीतल्या गटाराबद्दल विचारलं, तर तो तुमच्याबद्दल सहानुभूती दाखवेल, सोबतच्या माणसाला "नोंद घ्या" म्हणेल आणि दोन मिनिटं सुखाने निघून जातील. त्याच्या एकट्याच्या हातात ज्या गोष्टी आहेत, त्याच विचारा: जाहीरनाम्यातला क्रम आणि खर्च, उमेदवारी कोणाला दिली आणि का, निवडणुकीनंतर कोणाशी युती करणार आणि कोणत्या अटीवर, पक्षाला पैसा कुठून येतो, आणि मागच्या खेपेच्या आश्वासनांचं काय झालं.

यातला उमेदवारीचा प्रश्न लोक फार कमी विचारतात, याचं वाईट वाटतं, कारण तिथे मतदाराच्या हातात भक्कम कागद असतो. भारतात प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मधलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात गुन्ह्यांची प्रकरणं, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण नोंदवलेलं असतं आणि ते कोणालाही पाहता येतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2020 च्या आदेशात म्हटलं आहे, की गुन्ह्यांची प्रकरणं असलेला उमेदवार निवडला तर पक्षाने त्याची कारणं जाहीर केली पाहिजेत, आणि "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालणार नाही. म्हणजे प्रश्न आयताच तयार आहे: "या उमेदवाराच्या निवडीचं तुम्ही जाहीर केलेलं कारण काय?" आणि पूरक: "ही प्रकरणं नसलेल्या इच्छुकांना का डावललं?" याला स्थानिक पदाधिकारी उत्तर देऊ शकत नाही. पक्षप्रमुखच देऊ शकतो.

प्रश्नाची बांधणी

एक वस्तुस्थिती, तिचा आधार आणि एकच प्रश्न. सगळं मिळून 50 शब्दांच्या आत. सावकाश बोललं तर ते अर्ध्या मिनिटात संपतं. त्याहून लांबलं की सभागृहात चुळबुळ सुरू होते, आणि नेत्याला त्यातला सोयीचा तुकडा उचलायला वेळ मिळतो.

"आरोग्यासाठी तुम्ही काय करणार?" हा प्रश्न नव्हे, भाषणाचं निमंत्रण आहे. त्याऐवजी असं विचारा: "जाहीरनाम्यात सरकारी दवाखान्यांतली सगळी रिकामी पदं भरू असं लिहिलं आहे. पहिल्या वर्षात किती भरणार?" आणि खिशात पूरक ठेवा: "त्याचा पगार कोणत्या खर्चाला कात्री लावून देणार?" दोन्ही प्रश्न एका दमात विचारू नका. जोडप्रश्नातला सोपा अर्धा भाग उचलायचा आणि अवघड अर्धा विसरायचा, हे प्रत्येक मुरलेल्या नेत्याला जमतं. "आणि" आला की तिथे प्रश्न तोडा, पुढचा भाग पूरकात टाका.

"का" पेक्षा "किती", "कधीपर्यंत", "कशातून" आणि "हो की नाही" हे शब्द जास्त उपयोगी पडतात. "का" ला कारणं सांगत बसता येतं, "कधीपर्यंत" ला तारीख द्यावी लागते किंवा तारीख नाही हे उघड होतं.

शब्द नेमके हवेत. अमेरिकेत 15 ऑक्टोबर 1992 ला रिचमंडला अध्यक्षपदाच्या तिन्ही उमेदवारांना सामान्य मतदारांनी प्रश्न विचारले. एका तरुणीने विचारलं, की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? तिला म्हणायचं होतं मंदीबद्दल, रोजगार गेलेल्या माणसांबद्दल. तेव्हाचे अध्यक्ष आणि तिघांतले एक उमेदवार थोरले बुश राष्ट्रीय कर्ज हाच शब्द धरून चाचपडत राहिले आणि शेवटी सूत्रसंचालिकेला तिचा रोख समजावून सांगावा लागला. त्या गोंधळात बुश यांचंच नुकसान झालं, पण दर वेळी तसं होत नाही. बहुतेकदा चुकलेला शब्द नेत्याला सुटायला वाट देतो. म्हणून प्रश्न लिहून झाला की विषयाशी संबंध नसलेल्या दोघांना वाचून दाखवा आणि "मी काय विचारलं?" ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर प्रश्न पुन्हा लिहा.

स्वतःच्या हातातला कागद हा सर्वांत बळकट आधार. ब्रिटनमध्ये 2 जून 2017 ला, मतदानाच्या सहा दिवस आधी, एका परिचारिकेने पंतप्रधान थेरेसा मे यांना सांगितलं, की 2009 च्या पगारपत्रकावर जो आकडा आहे तोच आजही आहे. आकडा तिचा स्वतःचा होता, तो खोडणं शक्यच नव्हतं. मे यांनी तो खोडलाही नाही. पैशाचं काही जादूचं झाड नसतं, एवढंच त्या म्हणाल्या. ते वाक्य पुढे त्यांच्या मागे लागलं.

पूरक प्रश्न

ब्रिटनमध्येच 24 मे 1983 ला, निवडणुकीला पंधरवडा उरला असताना, बीबीसीच्या एका कार्यक्रमात शिक्षिका असलेल्या एका मतदार स्त्रीने पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना बेल्ग्रानो या अर्जेंटिनाच्या युद्धनौकेबद्दल विचारलं. फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात ब्रिटनने 2 मे 1982 ला ती नौका बुडवली, 323 माणसं मेली. ती ब्रिटनने बेटांभोवती जाहीर केलेल्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंडपासून दूर चालली होती, मग हल्ल्याचा हुकूम का दिला? थॅचर म्हणाल्या, ती दूर जात नव्हती. इथे बहुतेक माणसं थांबतात. या बाईंनी पूरक टाकला: नौका 280 अंशांच्या दिशेला चालली होती आणि फॉकलंडच्या पश्चिमेलाच होती, मग दूर जात नव्हती असं कसं म्हणता? 280 अंश म्हणजे जवळजवळ थेट पश्चिम. नकाशा डोळ्यांपुढे आणता येणाऱ्या कोणालाही पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही. बाईंनी आवाज चढवला नव्हता, आरोपही केला नव्हता. एक कोन सांगितला होता आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला होता.

तयारी म्हणजे हीच. नेता काय म्हणेल याचा आधी अंदाज बांधायचा आणि त्याला उत्तर म्हणून एक आकडा तयार ठेवायचा. नेत्यांच्या सुटण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यामुळे अंदाज फारसा चुकत नाही.

"आधीच्या सरकारने तिजोरी रिकामी केली." यावर वाद घालू नका, मान्य करून पुढे जा: "असेल. मग आहे त्या तिजोरीतून पहिल्या वर्षी किती?"

"आम्ही समिती नेमू." पूरक: "अहवाल कोणत्या महिन्यात जाहीर करणार?"

"तुम्ही मला नंतर भेटा, तुमचं काम करून देतो." हा सर्वांत गोड आणि सर्वांत घातक सापळा. यात धोरणाचा प्रश्न तुमच्या खासगी कामात बदलून जातो. आभार माना आणि म्हणा, "माझं होईल, पण माझ्यासारखे जे इथे नाहीत त्यांच्यासाठी नियम काय असेल?"

नेता उलट प्रश्न विचारतो: "तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?" त्याच्या जागी उत्तर द्यायला लागलात की भूमिका उलटल्या. "निर्णय तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला विचारतोय" एवढं पुरे.

आणि नेता विषयच बदलून सुंदर बोलला, तर नवं काही सुचवायच्या भानगडीत न पडता मूळ प्रश्न त्याच शब्दांत, हळू आवाजात पुन्हा वाचा. शब्द बदलले की तो नवा प्रश्न ठरतो आणि त्याला नवं भाषण मिळतं.

पहिला प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणा आणि सरळ वाचा. पूरकासाठी दोनतीन पर्याय त्याच कागदाच्या मागे ठेवा. पाठ करून बोलायला गेलं की नेत्यासमोर उभं राहिल्यावर आकडेच आधी विसरतात.

एका तासात किती प्रश्न

प्रश्नाला 30 सेकंद, उत्तराला 2 मिनिटं, पूरकाला 20 सेकंद, त्याच्या उत्तराला 1 मिनिट: झाली 3 मिनिटं 50 सेकंद. माईक पुढच्या माणसापर्यंत जायला आणखी 20 सेकंद धरा. सुरुवातीची 2 मिनिटं वजा करून तासाभरात 13 प्रश्न बसतात. 12 ठरवा, 4 राखीव ठेवा. आयोजक 25 प्रश्नांची यादी करतात, मग उशीर होऊ लागला की सर्वांत आधी पूरक कापतात. नेमकं उलटं करायला हवं. प्रश्न कमी झाले तरी चालेल, पूरक राहिला पाहिजे. दीर्घ स्वागत, हारतुरे आणि प्रास्ताविक या तासात धरूच नका. ते नेता यायच्या आधी उरका किंवा गाळा.

नेत्याच्या कार्यालयाशी अटी लेखी ठरवा, तोंडी बोलणं कार्यक्रमाच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. विषय कळवू, प्रश्न कळवणार नाही. प्रत्येक मतदाराला एक पूरक मिळेल. उत्तराला वेळ ठरलेला असेल आणि तो संपल्यावर घंटा वाजेल. चित्रीकरण दोघेही करतील आणि आपलं संपूर्ण चित्रीकरण जाहीर होईल. प्रश्न आधी मागितलेच, तर नकार द्या. प्रश्न आधी दिले की नेता प्रश्नाला नव्हे, त्यावर तयार झालेल्या टिपणाला उत्तर देतो.

प्रश्न सात दिवस आधी चिठ्ठ्यांवर मागवा, एकसारखे असतील ते एकत्र करा आणि निवडताना विषयांची वाटणी पाहा, नाहीतर निम्मे प्रश्न एकाच ताज्या बातमीवर येतात. बसायच्या जागा नावाने द्या. दार उघडं ठेवलं तर पहिल्या पाच रांगा कार्यकर्त्यांनी भरतात आणि प्रत्येक उत्तरावर घोषणा होतात. टाळ्यांचे दहा सेकंद बारा वेळा म्हणजे दोन मिनिटं, अर्धा प्रश्न. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो, त्यांचा प्रश्न दुसऱ्याने वाचावा, पण पूरक त्यांना विचारूनच व्हावा.

माईकबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण निम्मे कार्यक्रम तिथेच फसतात. दोन कॉर्डलेस माईक फिरते, एक राखीव, तिन्हींमध्ये नवे सेल. माईक स्वयंसेवकाच्या हातात राहील, मतदाराच्या नाही. नाहीतर एखादा भाषण ठोकतो आणि माईक परत मिळवताना झटापट होते. पण स्वयंसेवकाला हेही बजावून सांगा, की पूरकाचं उत्तर संपेपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही. प्रश्न संपला की सवयीने माईक घेऊन तो निघून जातो आणि मतदार तोंड उघडून उभा राहतो. स्पीकर प्रेक्षकांच्या रांगांपुढे, म्हणजे फिरत्या माईकसमोर आले की शिटी वाजते. फिरते माईक उघडून आदल्या दिवशी प्रत्येक रांगेतून चालून पाहा.

सूत्रसंचालकाचं काम दोनच वाक्यांचं आहे: "मूळ प्रश्न असा होता" आणि "वेळ संपली". स्वतःचे प्रश्न त्याने घुसडू नयेत. नेत्याचा माईक गरज पडली तर बंद करता येईल, अशी सोय साउंडवाल्याकडे ठेवा आणि तीही अटींमध्ये लिहा.

तारीख आणि नंतरचं काम

भारतात मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास जाहीर सभा घेता येत नाही. त्याच्या अगदी आदल्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर उत्तरं पडताळायला वेळच उरत नाही. आठवडाभर आधीचा दिवस बरा.

त्याच रात्री चित्रीकरण ऐकून प्रत्येक उत्तर शब्दशः उतरवा आणि समोर मिनिट-सेकंद लिहा. मग प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा: उत्तर मिळालं, अर्धं मिळालं, मिळालं नाही. शेरा दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न दाखवता द्यावा. दोघांचं जुळलं नाही तर सौम्य शेरा ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं चित्रीकरणासोबत जाहीर करा, आणि "मिळालं नाही" असे जितके प्रश्न असतील तितके लिहून नेत्याच्या कार्यालयाला पाठवा, उत्तरासाठी तीन दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं तर त्याच पानावर मूळ प्रश्नाखाली लावा. आलं नाही, तर पाठवल्याची तारीख तिथे लिहून ती जागा मोकळी सोडा.