घराच्या रक्षणासाठी पहिली बंदूक घेताना या चुका टाळा

कापसाचा चुकारा हाती आला आणि शेजारच्या गावात एखादी घरफोडी झाली, की वावरातच घर बांधून राहणाऱ्या कास्तकारांच्या बोलण्यात बंदुकीचा विषय हमखास निघतो. पोलीस ठाणे वीस-पंचवीस किलोमीटरवर, रात्री वीज असेल-नसेल, आणि हाकेला ओ देणारे सर्वांत जवळचे घर दोन-तीन धुरे (शेतांचे बांध) ओलांडून. अशा ठिकाणी ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. मात्र बेताच्या पैशात पहिले शस्त्र घेणाऱ्यांच्या महागड्या चुका बहुधा दुकानाची पायरी चढण्याआधीच झालेल्या असतात.

सौदा आधी आणि परवाना नंतर

ओळखीत कोणाची तरी दुनळी विकायला आहे असे कळते, इसार दिला जातो, आणि मग परवान्याची चौकशी सुरू होते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना नसताना बंदूक बाळगणे हाच गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि साधारणपणे पोलिसांचा चौकशी अहवाल आल्यावर निर्णय होतो. तो निर्णय नकाराचाही असू शकतो, आणि तसे झाल्यास इसार परत मिळण्याची हमी कोणी देत नाही.

नकार येण्याचे एक मोठे कारण अर्जातच असते. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहून दिलेला अर्ज पोलीस चौकशीत फारसा टिकत नाही. घर गावठाणापासून किती दूर आहे, पूर्वी चोरी किंवा धमकी झाली असल्यास तिची तक्रार कोणत्या ठाण्यात कधी दिली, व्यवसायामुळे घरात रोकड राहते काय, हे कागदपत्रांसह मांडले तर अहवाल लिहिणाऱ्याच्याही हाती काही लागते. चोरी झाली पण तक्रारच दिली नाही, ही आपल्याकडची जुनी सवय इथे नडते. अर्ज फेटाळला गेल्यास कलम १८ खाली अपील करता येते, आणि त्याची मुदत लहान असल्याने आदेशाची प्रत हाती येताच हालचाल करावी.

परवाना मिळाल्यानंतर दुसऱ्या परवानाधारकाकडून बंदूक घ्यायची असेल, तर विक्रेत्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यापासून ४५ दिवस जावे लागतात. स्टँपपेपरवर लिहून घेतले आणि पोलीस पाटलाची सही झाली, म्हणजे व्यवहार पक्का झाला असे नाही.

माळ्यावरची आजोबांची बंदूक

विदर्भातल्या जुन्या मालगुजारी घरांत आणि मोठ्या कास्तकारांकडे बारा बोरची, म्हणजे छर्ऱ्यांची काडतुसे उडवणारी, एखादी बंदूक पूर्वापार असते. ज्यांच्या नावे परवाना होता ते वारले, तरी ती तशीच कपड्यात गुंडाळून ठेवली जाते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे वारसांवर बंधनकारक आहे. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर घरचीच वस्तू घरच्यांना आरोपी करू शकते.

बेताच्या बजेटच्या दृष्टीने हीच बंदूक सर्वांत स्वस्त पर्यायही ठरते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि त्यासाठी मृत्यूचीच वाट पाहावी लागते असे नाही: परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. वडील सत्तरी ओलांडलेले असताना मुलगा नव्या बंदुकीसाठी कर्ज काढत असेल, तर त्याने आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत ही चौकशी करावी.

रिव्हॉल्व्हरचा मोह

कमरेला लावलेल्या रिव्हॉल्व्हरला गावात जो मान मिळतो, त्याचा घराच्या रक्षणाशी फारसा संबंध नाही. भारतीय बनावटीचे ०.३२ बोरचे रिव्हॉल्व्हर साध्या एकनळी बंदुकीपेक्षा बरेच महाग पडते, आणि रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आखूड नळीने, अंधारात, घाबरलेल्या हाताने नेम साधणे सरावाशिवाय शक्य नसते, आणि नियमित सरावाची सोय खेड्यात नसते. रायफल तर या कामासाठी घेऊच नये, कारण तिची गोळी घर आणि शिवार ओलांडून कुठे जाईल हे सांगता येत नाही. खांद्याला लावायची बारा बोरची साधी बंदूक ही पहिल्या खरेदीसाठी माझ्या मते सर्वांत समजूतदार निवड आहे. भरमार बंदूक स्वस्त असली, तरी दारू ठासून एकच बार काढणारे ते हत्यार पीकरक्षणाच्या काळातले आहे. पावसाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नये.

गावठी कट्ट्याविषयी एवढेच, की तो फुटला तर चालवणाऱ्याचा हात जातो आणि न फुटता सापडला तर तुरुंग ठरलेला आहे.

जुनी बंदूक न तपासता घेणे

वापरलेली बंदूक घेण्यात गैर काही नाही, पण ती पॉलिश पाहून घेऊ नये. आधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करावी, आणि मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून दोन्ही टोकांनी आतून पाहावी. गंजाचे बारीक ठिपके साफ होतात. बोटाला लागतील असे खड्डे जात नाहीत. आत कुठे गोल काळी कड दिसली, तर त्या जागी नळी फुगलेली असण्याची शक्यता असते आणि तो सौदा तिथेच सोडावा. त्यानंतर नळीखालचे लाकूड काढून, बंदूक बंद करून, दस्ता काखेत घट्ट धरावा आणि नळ्या हलवून पाहाव्यात; खटखट जाणवली तर बिजागरी झिजलेली आहे. दस्त्याच्या मुठीजवळची चीर एमसीलने बुजवून वर पॉलिश केलेली पुष्कळदा आढळते, म्हणून तिथे नखाने खरवडून पाहण्यात संकोच करू नये. चाप तपासण्यासाठी डमी काडतूस वापरावे.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी. गावातल्या लोहाराकडून करून घेणे किंवा सोयीसाठी नळी कापून आखूड करणे हे दोन्ही गुन्हे आहेत. बंदूक दुरुस्तीसाठी नागपूर-अमरावतीला मुलाच्या हाती पाठवायची असेल, तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र त्याच्याजवळ हवे.

‘बसते ना’ म्हणून घेतलेले काडतूस

हा मुद्दा दुकानदारही क्वचितच समजावून सांगतात. बऱ्याच जुन्या बारा बोर बंदुकांची खोली (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, चेंबर) ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेली असते. ७० मिलिमीटरचे काडतूसही तिच्यात सहज बसते, कारण मुडपलेल्या तोंडामुळे न उडवलेल्या काडतुसाची लांबी कमी असते. पण बार उडताच ते तोंड उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरते आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. बंदुकीवर खोलीची लांबी कोरलेली नसेल, तर ती कारागिराकडून मोजून घ्यावी. काडतुसे घेतल्यावर ती स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नयेत. पावसाळ्यात दमटपणाने त्यांच्या पितळी बुडाला हिरवा थर धरतो आणि ऐन वेळी बार होत नाही. घट्ट झाकणाचा, कुलूप लागणारा डबा पुरतो.

काडतूस निवडताना आपल्या घराकडेही पाहावे. कुडाची किंवा पत्र्याची भिंत मोठे छर्रे अडवत नाही, आणि उन्हाळ्यात अर्धे घर अंगणात झोपलेले असते.

सगळा पैसा बंदुकीतच घालणे

हिशेब करताना प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, शुल्क, कार्यालयाच्या चकरा, सरावाची काडतुसे आणि भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली लोखंडी पेटी हे सारे बंदुकीच्या किमतीसोबतच धरावे. पेटीसाठी पैसे उरत नसतील, तर खरेदी एक हंगाम पुढे ढकलावी. खुंटीवर टांगलेली बंदूक सर्वांत आधी घरातल्या मुलांना सापडते, आणि घर बंद करून लग्नाला गेलेल्या कुटुंबाची बंदूक चोरालाच मिळते. गोठ्यावरचा दिवा, मजबूत कडीकोयंडा आणि एक जागरूक कुत्रा यांचा खर्च याच हिशेबात आधी बसवला, तर कित्येकांना पुढचा खर्च करावासाही वाटणार नाही.

परवान्यात नसलेले उपयोग

घरासाठी बंदूक आली, की ती जागलीला जाणाऱ्या गड्याच्या हाती देण्याचा मोह होतो. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. परवानाधारक सोबत नसताना, आणि दुरुस्तीसारख्या कामाचे त्याचे लेखी अधिकारपत्रही नसताना, ती दुसऱ्याने बाळगणे बेकायदा आहे. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) पीक खातो म्हणून वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार काढणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो. वरातीत हवेत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आल्यास पावती घेऊन ते जमा करावे, आणि पाच वर्षांच्या परवान्याचे नूतनीकरण मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच हाती घ्यावे.

बार कधी काढता येतो

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी बचावाचा हक्क देतात, पण बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क व्यापक आहे. चोरलेला डबा टाकून धुऱ्यावरून पळणाऱ्याच्या पाठीवर बार काढला, तर तोच हक्क सांगता येणे कठीण होते. प्रसंग घडलाच, तर ११२ वर फोन करावा, जखमीसाठी मदत मागावी, आणि बंदूक रिकामी करून सुरक्षित ठेवल्यावर रिकामी टरफले व बाकीची जागा पोलीस येईपर्यंत जशीच्या तशी राहू द्यावी.