रंग तेलात उतरतो की पाण्यात? वनस्पतींपासून घरच्या घरी मेकअप

बिटाची पावडर तेलात घालून कितीही ढवळा, तेल लाल होत नाही. थोड्याच वेळात पावडर तळाशी बसते आणि वर तेल होतं तसंच राहतं. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तरीही बीट घातलेल्या लिपबामच्या कृती सगळीकडे फिरत असतात. तो बाम लावला की ओठांवर कण कचकचतात, रंग मात्र चढत नाही. म्हणून कुठलीही कृती हाती घेण्याआधी रंग कशात उतरतो ते पाहा. बीट आणि जास्वंद पाण्यात उतरतात. रतनजोतीचं मूळ, शेंदरीच्या बिया आणि हळद तेलात उतरतात. कोको पावडर धड कशातच विरघळत नाही, पण ती इतकी बारीक असते की पावडरीतही चालते आणि मेणातही.

सामान फार लागत नाही: 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, मलमलचं कापड, काचेची बरणी, छोट्या डब्या. चमच्याच्या मापावर विसंबू नका. तोच चमचा दाबून भरला की मेण जास्त पडतं आणि बाम मेणबत्तीसारखा होतो.

ओठांचा रंग

यासाठी रतनजोतच सर्वांत भरवशाची. पण हे नाव एका दुसऱ्या झाडालाही आहे. मोगली एरंडालाही काही ठिकाणी रतनजोत म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी असतात. आपल्याला बिया नकोत, मूळ हवं: काळपट तांबडं, साल पापुद्र्यांसारखी सुटणारी. तेलाचं बोट त्यावर घासलं की बोट लगेच लाल होतं. रंगलेल्या तेलाचा एक थेंब साबणाच्या पाण्यात टाकला तर तो निळा-जांभळा दिसू लागतो. हा रंग अल्कलीत, म्हणजे साबण किंवा सोड्यासारख्या आम्लाविरुद्ध पदार्थात, पालटतोच, त्यामुळे भांडं धुताना निळे डाग दिसले तर घाबरू नका.

10 ग्रॅम मूळ हातानेच मोडून घ्या. पूड करू नका, ती कापडातून निसटते आणि शेवटी बाममध्ये येते. पूर्ण कोरड्या बरणीत मुळाचे तुकडे आणि 100 मिली बदाम तेल घालून बरणी गरम पाण्यात दीड-दोन तास ठेवा. पाणी उकळू द्यायचं नाही, हात लावल्यावर चटका बसेल इतपत गरम पुरे. घाई नसेल तर तीच बरणी अंधाऱ्या जागी दोन आठवडे ठेवून रोज एकदा हलवा. नंतर मलमलमधून दोनदा गाळा. नट्सची ॲलर्जी असेल तर बदामाऐवजी जोजोबा तेल घ्या.

आता 20 ग्रॅम बामचं प्रमाण: कँडेलिला मेण (एका झुडपापासून मिळणारं मेण) 2.5 ग्रॅम, कोको बटर 4 ग्रॅम, रंगवलेलं तेल 10 ग्रॅम, एरंडेल 3.5 ग्रॅम. एरंडेल दाट असतं, त्याने रंग ओठांवर टिकतो आणि चकाकी येते. मधमाश्यांचं मेण वापरायचं असेल तर ते साधारण दुप्पट घ्या आणि जितकं मेण वाढलं तितकं तेल कमी करा. कँडेलिला त्याच्यापेक्षा बरंच कडक असतं. ते सुमारे 70 अंशांला वितळतं, म्हणून आधी एकटं मेण आणि एरंडेल गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा. मग रंगवलेलं तेल घाला. थंड तेलाने मेणाच्या गुठळ्या झाल्या तर पुन्हा एकजीव होईपर्यंत वाटी पाण्यावरच राहू द्या. खाली उतरवल्यावर शेवटी कोको बटर.

डब्यांत ओतण्याआधी फ्रिजमध्ये ठेवलेल्या चमच्यावर एक थेंब टाका. दोन मिनिटांनी तो बोटाने ओढून पाहा. घसरला तर 0.3 ग्रॅम मेण वाढवा, पापुद्रा सुटला तर थोडं तेल. ही चाचणी टाळली तर ओतलेल्या सगळ्या डब्या पुन्हा वितळवाव्या लागतात. ओतून झाल्यावर डब्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सावकाश गार झालेल्या कोको बटरमध्ये रव्यासारखे दाणे धरतात.

डबीत गडद मरून दिसणारा हा बाम ओठांवर हलकी लाल झाक देतो, बाजारच्या लिपस्टिकसारखा थर देत नाही. रंग वाढवायचा तर त्याच तेलात आणखी मूळ भिजवा. पावडर ओतून काही साधत नाही.

गालांची लाली

इथे मात्र बीट कामाचं, कारण इथे रंग कोरडाच राहतो. काप कागदाइतके पातळ करा आणि सावलीत किंवा ओव्हनमध्ये 50 ते 55 अंशांवर वाळवा. जास्त उष्णतेने रंग तपकिरी होतो. वाकवल्यावर कडकन मोडला म्हणजे काप वाळला, नुसता वाकला तर अजून ओल आहे. मिक्सरमध्ये दळून दहा मिनिटं झाकण उघडू नका, नाहीतर पूड नाकातोंडात जाते. मग मलमलमधून चाळा.

प्रमाण: अरारूट 10 ग्रॅम, बीट पावडर 3 ग्रॅम, कोको अर्धा ग्रॅम. सगळं एकदम मिसळू नका. आधी बीट आणि तेवढंच अरारूट खलात घोटा, मग त्या मिश्रणाइतकं आणखी अरारूट, मग उरलेलं. चिमूटभर घेऊन पांढऱ्या कागदावर बोटाने ओढा. लाल रेघा उमटल्या तर अजून घोटायला हवं. घोटणं अर्धवट राहिलेली लाली गालावर ठिपक्याठिपक्यांनी बसते.

ओल्या चेहऱ्यावर किंवा क्रीम मुरायच्या आत ही लाली लावली की बीट विरघळून ओघळ येतात. घाम खूप येत असेल तर गालांवरही वर सांगितलेला बामच बोटाने टेकवा. मुरुमं येणाऱ्या त्वचेवर मात्र तो नको, कोको बटर रोमछिद्रं बंद करू शकतं.

चेहऱ्याची पावडरही याच पद्धतीने: 20 ग्रॅम अरारूटमध्ये 2 ग्रॅम कोकोपासून सुरुवात करून रंग जुळेपर्यंत थोडा थोडा वाढवा. रंग हातावर नाही, जबड्याच्या कडेला आणि दिवसाच्या उजेडात जुळवा. कोको साखर नसलेलाच घ्या. हळद घालायचीच तर अगदी कणभर. त्वचा पिवळी दिसते आणि उन्हात तो रंग उडतो. या पावडरीने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, त्यामुळे सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

काय घालू नये, काय जपावं

लिंबाचा रस, दालचिनी आणि खाण्याचा सोडा या तिन्हींना हात लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात, दालचिनीने जळजळ होते, आणि सोडा अल्कली असल्याने आम्लधर्मी त्वचेला कोरडं करतो.

पाण्याचा अंश असलेली कुठलीही गोष्ट, म्हणजे कोरफडीचा ताजा गर किंवा बिटाचा रस, फ्रिजमध्येही तीन दिवसांपलीकडे ठेवू नका. व्हिटॅमिन ई घातल्याने माल टिकतो असा गैरसमज फार आहे. ते तेल खवट होणं लांबवतं, पण बुरशी आणि जंतूंना अडवत नाही. पावडरीच्या डबीत ओलं बोट किंवा ओला ब्रश घालू नका. स्टार्चला ओल लागली की बुरशी धरते. डबीवर तारीख लिहा. पावडर तीन महिने, बाम सहा महिने. वास बदलला तर त्याआधीच टाकून द्या.

नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहा. भुवयांना कोकोत दोन थेंब तेल कालवून लावलं तर चालतं. पापण्यांच्या आतल्या कडेला मात्र घरी केलेलं काहीही नको, एक बारीक कणही बुबुळ खरवडू शकतो.

झोपण्याआधी बाम काढताना कापसावर आधी साधं तेल घ्या आणि मगच चेहरा धुवा. आधी पाणी लावलं तर मेण निघत नाही, रंग नुसता हनुवटीवर पसरतो.